साप, बेडूक, पाली, कोळी: जंगलात दिसले तर ओळखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात ताम्हिणी-आंबोलीच्या रात्रीच्या फेऱ्या, हिवाळ्यात ताडोबा, उन्हाळ्यात साताऱ्याकडची पठारं असं आमचं पुण्याहून फिरणं चालू असतं. बरोबर येणारी मंडळी दरवेळी नवी असतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. आधीच सांगते: इथे ओळख म्हणजे लांबून, हात न लावता केलेली ओळख. साप पकडून त्याचं तोंड उघडून दाखवणाऱ्या व्हिडिओंनी या विषयाचं फार नुकसान केलंय.

ताडोबाला जिप्सीतून फिरताना हे प्राणी दिसतात का?

दिसतात, पण त्यासाठी आवर्जून बघावं लागतं. जिप्सीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे बेडकांची आशा सोडा. मगर, घोरपड आणि थंडीत ऊन खात पडलेला अजगर मात्र गाडीतूनच छान दिसतात. ताडोबा तलावात मगरी आहेत. सकाळचं ऊन जरा वर आलं की काठाचा चिखल दुर्बिणीतून सावकाश न्याहाळा. घोरपड बऱ्याचदा ढोलीच्या तोंडाशी फक्त डोकं बाहेर काढून बसलेली असते. पाऊस संपल्यानंतरच्या दोन महिन्यांत दोन झाडांच्या मधोमध जायंट वुड स्पायडरची भलीमोठी जाळी ताणलेली दिसतात आणि तिरप्या उन्हात त्यांचे धागे सोनेरी चमकतात.

फेरी सुरू होतानाच गाइडला सांगून ठेवा की आम्हाला हेही बघायचंय. नाहीतर चितळाच्या कॉलमागे (वाघाची चाहूल लागल्यावर चितळ ओरडतं तो आवाज) पळण्यात सगळी सकाळ जाते. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं आणि बेडकांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. बेडकांसाठी सह्याद्रीच गाठायला हवा.

मग पुण्याहून जवळ कुठे जावं?

एका रात्रीत जाऊन यायचं तर मुळशी-ताम्हिणी, लोणावळा-खंडाळा, भीमाशंकर. दोन रात्री हाताशी असतील तर आंबोली, आणि बेडूक बघायचे असतील तर आंबोलीला पर्याय नाही. अभयारण्याच्या हद्दीत अंधार पडल्यावर परवानगीशिवाय फिरता येत नाही. त्यामुळे गावात मुक्काम करावा, गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि गावाभोवतीच्या पायवाटा, ओढे, शेताचे बांध एवढंच बघावं. तेवढ्यातही भरपूर दिसतं.

जाण्याआधी एक रविवार कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात घालवा. (प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.) १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून दाखवणारे नीलिमकुमार खैरे यांचं नाव या सर्पोद्यानाशी कायमचं जोडलेलं आहे. काचेपलीकडचा साप सावकाश, न घाबरता बघता येतो. डोक्याचा आकार, खवल्यांची चमक, शेपटीची जाडी या गोष्टी तिथे एकदा नजरेत बसल्या की जंगलात फार उपयोगी पडतात.

कुठल्या महिन्यात काय दिसतं?

जूनच्या पहिल्या जोरदार पावसापासून ऑगस्टपर्यंत बेडूक, ओढ्याकाठचे चापडे (फांदीवर बसणारे विषारी साप) आणि एरवी जमिनीखाली राहणारे खापरखवले (बिनविषारी साप). सप्टेंबर ते नोव्हेंबर कोळ्यांचे महिने, कारण तोवर ते पूर्ण वाढलेले असतात आणि जाळीही मोठी झालेली असतात. थंडीत ऊन खाणारे साप, मगरी, घोरपडी. मार्च ते मे सरडे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोकणात उतरणार असाल तर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघता येतात.

बरोबर काय घ्यायचं?

डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातात एक जादा टॉर्च. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, पावसाळ्यात गमबूट सगळ्यात चांगले. फुल पँट. छत्रीऐवजी रेनकोट, कारण छत्रीने हात अडकतो आणि फांदीवरचा प्राणी हलतो. काठी घ्या, पण पुढचं गवत आपटत जाण्यापुरतीच. दगड उलटायला किंवा बिळात घालायला नाही. जळवांसाठी मोजे पँटवर ओढून घ्यावेत. तंबाखूचं पाणी, फवारे वगैरे लावू नका, त्याचं कारण बेडकांच्या उत्तरात येईल.

रात्री कोळी शोधायची सोपी युक्ती आहे का?

आहे, आणि मुलांना ती सगळ्यात जास्त आवडते. बॅटरी कपाळावर, डोळ्यांच्या अगदी जवळ ठेवा आणि उजेड समोरच्या गवतावर, जमिनीवर टाका. ठिकठिकाणी हिरवट-पांढरे बारीक ठिपके चमकतील. काही दवाचे थेंब असतात, पण आपण पुढे सरकलो की ते विझतात. जे चमकतच राहतात ते लांडगा कोळ्याचे डोळे. त्याच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो. म्हणूनच टॉर्च कमरेजवळ धरला की काहीच चमकत नाही.

असा एखादा ठिपका पकडून हळूहळू जवळ जा आणि खाली बसा. नशिबाने मादी असेल आणि पाठीवर पिल्लं असतील, तर मधल्या दोन मोठ्या डोळ्यांच्या मागे कितीतरी सूक्ष्म चमक दिसतात. पिल्लं एकमेकांवर थर करून आईच्या पाठीला चिकटलेली असतात आणि त्या प्रत्येकाचे डोळे उजेड परत फेकत असतात. आई एक पाऊल पुढे टाकते तेव्हा ते सगळे ठिपके एकदम हलतात. हे बघून झालं की टॉर्च बाजूला करा, तिला जाऊ द्या.

साप दिसला. विषारी की बिनविषारी, पटकन कसं ओळखायचं?

पटकन ओळखायचा नियम नाही. जे नियम सांगितले जातात ते सगळे कुठे ना कुठे फसतात. ‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ म्हणावं, तर नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात आणि निमविषारी मांजऱ्याचं मात्र असतं. ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’ म्हणावं, तर नागाची बाहुली गोल आणि बिनविषारी डुरक्या घोणसाची उभी. रंग तर सगळ्यात दगाबाज. एकाच जातीतला मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कितीतरी रंगांत सापडतो.

त्यापेक्षा उलट्या बाजूने जा. आपल्या भागात माणसाचा जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप एवढ्या जोड्या पक्क्या करा. बाकी सगळ्यांसाठी एकच वागणूक: थांबा, दोन-तीन पावलं मागे या, लांबून बघा, फोटो घ्या. नाव कळलं नाही तरी सहल फुकट जात नाही.

साप बघताना मनात याच क्रमाने नोंद करावी असं मला वाटतं: तो कुठे होता (जमिनीवर, झाडावर, पाण्यात), किती वाजले होते, अंग चकचकीत होतं की खरखरीत, मान डोक्यापेक्षा बारीक होती का, नक्षी डोक्याकडे ठळक होती की शेपटीकडे. रंग सगळ्यात शेवटी.

मण्यार आणि कवड्या यांत नेहमी गोंधळ होतो. फरक काय?

ही जोडी सगळ्यात महत्त्वाची, कारण दोघेही रात्री फिरतात आणि दोघेही घरात शिरतात. मण्यार निळसर काळी, तुकतुकीत. तिच्या अंगावरचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने असतात, मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक होत जातात. कवड्या तपकिरी. त्याचा पहिला पट्टा मानेजवळच असतो आणि शेपटीकडे जाताना पट्टे पुसट होत जातात. थोडक्यात, नक्षी मण्यारीत मागे ठळक, कवड्यात पुढे ठळक. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळही असते, पण ती चांगल्या फोटोतच दिसते.

भिंतीवर सरसर चढणारा साप बहुतेक कवड्या असतो. तरी ‘बहुतेक’ या शब्दावर कुणी हात पुढे करू नये. मण्यारीचा दंश जवळपास दुखत नाही. झोपेत चावली तर माणसाला जागही येत नाही, आणि पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं अशी लक्षणं सुरू होतात. मुक्कामाच्या ठिकाणी जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या. एवढ्याशा गोष्टीने जीव वाचतात.

घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू?

घोणसाच्या अंगावर गडद, लांबट गोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात, साखळीच्या कड्यांसारख्या. डोकं त्रिकोणी, त्यावर बारीक खवले. डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार, तो एकदा ऐकला की विसरत नाही. डुरक्या घोणस आखूड, जाडजूड, वेड्यावाकड्या डागांचा, आणि त्याची शेपूट एकदम आखडलेली, बोथट. अजगराचे डाग मोठे आणि एकमेकांत मिसळलेले, शिवाय डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण.

दुःखाची गोष्ट म्हणजे ‘हे तर अजगराचं पिल्लू’ असं म्हणून लोक घोणसाला हात लावतात. ठिपक्यांच्या जाड सापाला, तो कितीही सुस्त दिसला तरी, घोणस समजूनच वागा.

धामण आणि नाग?

धामण दिवसा फिरते, लांब असते, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा आणि अंगाच्या मागच्या भागावर काळे आडवे पट्टे. फणा नाही. नाग फणा काढेपर्यंत फसवतो, कारण फणा मिटलेला नाग आणि धामण लांबून सारखेच वाटतात. फण्यावर दहाचा आकडा असतोच असंही नाही. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही गावोगावची समजूत खोटी आहे. सापाला चोखताच येत नाही. ती शेतातले उंदीर खाते आणि तरी काठीने मारली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

ताम्हिणीला फांदीवर हिरवा साप दिसला. कोणता असेल?

तिघांपैकी एक असण्याची शक्यता जास्त. अंग दोरीसारखं सडपातळ, तोंड टोकदार, बाहुली आडवी, तर हरणटोळ. तो निमविषारी आहे आणि डोळे फोडतो ही अफवा. अंग जाड, मान बारीक, डोकं रुंद त्रिकोणी, बाहुली उभी आणि साप तासन्‌तास त्याच जागी, तर चापडा. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो, त्याने त्याला भक्ष्याच्या अंगची ऊब कळते. जमिनीवर गवतात हिरवा साप दिसला तर गवत्या, पिल्लू असेल तर मानेवर काळी-पिवळी खूण.

चापड्याबद्दल एक सूचना. तो पायवाटेलगत, गुडघा ते छातीच्या उंचीवर बसतो आणि आपण तोल सावरायला नेमक्या त्याच उंचीवरच्या फांद्या धरतो. ओढ्याकाठी चालताना टॉर्च मारल्याशिवाय कुठल्याही फांदीला हात लावू नका.

फुरसं कुठे भेटतं?

खडकाळ माळ, कातळसडे, विरळ झुडपं अशा ठिकाणी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फार. वीतभर ते हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप. डोक्यावर बाणासारखी खूण. धोका वाटला की अंगाचं वेटोळं एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो. आकारावरून त्याला कमी लेखू नका.

बेडूक तर सगळे सारखेच दिसतात. सुरुवात कुठून करू?

कानापासून. जूनमध्ये पाऊस पडल्यावर एका जागी दहा मिनिटं बॅटरी बंद करून उभे राहा. आधी सगळा एकच गोंगाट वाटतो. मग त्यातून आवाज सुटे व्हायला लागतात: डबक्यातला घोगरा, गवतातला करकरीत, झुडपातला सुटा टिक-टिक. प्रत्येक जातीच्या नराचा आवाज वेगळा असतो, कारण मादीलाही तो त्यावरूनच ओळखायचा असतो. अभ्यासकसुद्धा आधी आवाज रेकॉर्ड करतात.

मग डोळ्यांनी बघायच्या तीन जागा. पहिली, बोटांची टोकं: गोल चकत्या असतील तर झाडावर किंवा ओल्या खडकावर चढणारा, नसतील तर बहुधा जमिनीवरचा. दुसरी, डोळ्यामागे फुगीर ग्रंथी आणि अंगभर खडबडीत पुटकुळ्या: हा भेक. तिसरी, मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा: पूर्ण असेल तर पाण्यातला पट्टीचा पोहणारा.

पहिल्या जोरदार पावसात शेतातल्या पाण्यात लिंबासारखे पिवळेधमक बेडूक आणि त्यांच्या गळ्याशी निळ्या पिशव्या दिसल्या तर कुणी रंग टाकलाय असं समजू नका. ते आपले नेहमीचे मोठे बेडूक, इंडियन बुलफ्रॉग. नर विणीच्या दिवसांत असा रंगतो आणि थोड्या दिवसांत परत मळकट हिरवा होतो.

झुडपातले टिक-टिक करणारे बुश फ्रॉग अंगठ्याच्या पेराएवढे असतात. त्यांच्या अंड्यांतून टॅडपोल निघतच नाहीत, थेट छोटे बेडूक बाहेर येतात. २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातल्या अशाच एका जातीला पुण्याचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव दिलं गेलं: राओर्केस्टिस घाटेई. आपल्या शहरात शिकवणाऱ्या माणसाच्या नावाचा बेडूक आपल्याच डोंगरात ओरडतोय, हे कळलं की पुण्याची मुलं जरा जास्त कान देऊन ऐकतात.

आंबोलीला दोन जाती बघायच्याच. मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो आणि त्यातून टॅडपोल खाली पाण्यात पडतात. दुसरी जात म्हणजे आंबोली टोड, शास्त्राला २००९ मध्ये माहीत झालेली आणि अतिसंकटग्रस्त. ती कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालते. अशा कातळावर गाडी उभी करणं, बूट घालून डबक्यातून चालणं म्हणजे एक पिढी चिरडणं.

बेडूक हातात घेतला तर चालतो का?

नाही. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि पाणीही शोषतो. आपल्या हातावरचं सॅनिटायझर, डास पळवायचं मलम, तंबाखू, सगळं त्याच्या अंगात जातं. शिवाय बेडकांना होणारा एक बुरशीजन्य आजार चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकतो, म्हणून नवीन ठिकाणी जाण्याआधी बूट धुऊन, वाळवून घ्या. भेकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. पण त्याच्या ग्रंथींतला स्राव कुत्र्याला घातक ठरू शकतो, कुत्रा बरोबर असेल तर त्याला दोरीला ठेवा.

रस्त्यावर गांडुळासारखं पण मोठं काहीतरी सरपटत होतं. साप की गांडूळ?

तिसरी शक्यताही आहे: देवगांडूळ. हा पाय नसलेला उभयचर, म्हणजे बेडकांचा नातेवाईक. गांडूळ अंग आखडून-ताणून पुढे सरकतं, देवगांडूळ सापासारखं नागमोडी जातं आणि त्याला जबडा असतो. यातली एक जात, इंडोटिफ्लस बॅटर्सबी, १९६० मध्ये खंडाळ्याच्या नमुन्यांवरून नोंदली गेली.

शेपटीचं टोक तिरकं कापल्यासारखं दिसलं तर तो खापरखवल्या, बिनविषारी. कुंडीतून निघालेला काळसर, चकचकीत, दोऱ्याएवढा जीव म्हणजे वाळा. हा जगातल्या सगळ्यात लहान सापांपैकी एक, आणि यात नर नसतातच, सगळ्या माद्या.

पावसाळी रात्री घाटातून गाडी हळू चालवा. हे जीव रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. सकाळी ताम्हिणीच्या रस्त्यावर चिरडलेले खापरखवले बघणं फार त्रासदायक असतं.

पाली आणि सरडे विषारी असतात का?

आपल्याकडची एकही पाल विषारी नाही, एकही सरडा विषारी नाही. दुधात पडली, अंगावर पडली, या सगळ्या भीतीला आधार नाही. ठिपक्याठिपक्यांची, जाड शेपटीची, पापण्या मिटणारी लेपर्ड गेको तर या अफवेपायी नाहक मारली जाते.

सरड्यांसाठी एप्रिल-मेमध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर जा, पवनचक्क्यांच्या खाली. तिथला फॅन-थ्रोटेड लिझर्ड, सराडा सुपर्बा, २०१६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. एरवी तो दगडाच्या रंगाचा, लक्षातही न येणारा. पण नर एका उंच दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालचा पंखा एकदम उघडतो. निळा, काळा, केशरी. क्षणात मिटतो, परत उघडतो. समोरच्या दगडावरचा दुसरा नर उत्तर देतो. गाडीतून उतरू नका, काच खाली करून गाडीतूनच बघा. ते तुमच्या असण्याची दखलही घेत नाहीत.

घोरपडीच्या साहाय्याने गड चढता येतो का?

सिंहगडाच्या वाटेवर हा प्रश्न हमखास येतो. पोवाड्यातल्या घोरपडीचा निवाडा इतिहासकारांनी करावा. प्राण्याबद्दल सांगायचं तर घोरपड कपारीत शिरली की नख्या रोवते, अंग फुगवते आणि ओढून निघत नाही, एवढं खरं.

त्याहून महत्त्वाचं: तीर्थक्षेत्रांच्या बाजारात ‘हत्थाजोडी’ म्हणून जी वाळलेली मुळी विकतात ती वनस्पती नसते, ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. त्यासाठी घोरपडी मारल्या जातात. तेलाचंही तेच. विकत घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तो गुन्हा आहे. मांडूळ ‘दुतोंड्या’ म्हणून गुप्तधनासाठी विकणाऱ्यांचंही तेच.

कोळी चावला तर माणूस मरतो का?

जवळपास सगळ्या कोळ्यांना विष असतं, पण ते किड्यांसाठी. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत शिरतही नाहीत. घरात दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळी, पोटाखाली पांढरी गोल चकती घेऊन फिरणारा, म्हणजे हंट्समन मादी आणि तिची अंड्यांची पिशवी. तिला झुरळं खाऊ द्या. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या केसाळ टॅरँटुलापासून मात्र हात लांब ठेवा. त्याच्या दंशाने स्नायूंना तीव्र पेटके येतात.

कोळी ओळखताना काय बघायचं?

जाळं असेल तर आधी जाळं. चाकासारखं गोल आणि मध्ये पांढरी जाड नागमोडी वीण, त्यावर पाय जोडीजोडीने ठेवून फुली करून बसलेला: सिग्नेचर स्पायडर. सुपे-बारामतीकडच्या बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्यांवर वाळक्या पानांचा गचपणा आणि त्याला चिकट जाळी: सामाजिक कोळ्यांची वसाहत. तिथे शेकडो कोळी एकत्र शिकार करतात आणि शेवटी पिल्लं आईलाच खातात.

जाळं नसेल तर डोळे. समोर दोन मोठाले गाडीच्या दिव्यांसारखे डोळे म्हणजे उडी मारणारा कोळी. २०२१ मध्ये ठाणे भागात सापडलेल्या अशा एका जातीला २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवणारे शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं: आयशियस तुकारामी. आणि एखादा लाल ओंबिल पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवताना दिसला तर पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे.

विंचवांचं काय?

अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा झळाळतो, पण तो उजेड फार वेळ त्याच्यावर ठेवू नका. साधारण अंदाज असा: नांग्या जाड आणि शेपूट बारीक, जशी काळ्या इंगळीची, तर विष सौम्य. नांग्या नाजूक आणि शेपूट जाड, जसा कोकणातला लाल विंचू, तर विष जहाल. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असंख्य जीव वाचवले. दंश झाला तर मंत्र-तंत्र न करता सरळ दवाखाना गाठा.

फोटोवरून नाव कळण्यासाठी फोटो कसा हवा?

एकच सुंदर फोटो देण्यापेक्षा चार साधे द्या: वरून, बाजूने, डोकं, आणि शेपूट किंवा पाय. बेडकाच्या बोटांचा, कोळ्याच्या डोळ्यांचा, सापाच्या पाठीचा फोटो नसेल तर तज्ज्ञही नक्की सांगू शकत नाहीत. आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, पण चापडा, टॅरँटुला, लेपर्ड गेको यांची नेमकी जागा झाकून. हे प्राणी चोरून विकले जातात आणि चोरटे फोटोंवरूनच जागा शोधतात. प्राण्याला पान बदलून बसवणं, पाणी मारणं, फ्लॅशचा मारा करणं, असले प्रकार करणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका.

साप चावलाच तर?

चावलेल्या माणसाला खाली बसवा, चालू-पळू देऊ नका. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, कारण सूज येते. हाताला-पायाला फळी किंवा काठी बांधून तो हलणार नाही असा ठेवा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. निघण्याआधीच मुक्कामाजवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि तिथे प्रतिविष आहे का, हे विचारून ठेवा. पुण्याजवळ असाल तर ससून.

कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, बर्फ लावू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. सापामागे धावू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात, मेलेला साप नेण्याची गरज नसते. चापड्याच्या विषावर मात्र ते बनवलेलं नाही. त्याचे उपचार वेगळे, पण रुग्णालयात जाणं तेवढंच गरजेचं.

लहान मुलांना न्यावं का?

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना जरूर. त्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते आणि ती जमिनीच्या जवळ असतात. मूल कायम मोठ्यांच्या मागे चालेल, पुढे नाही, एवढा एकच नियम कडक ठेवा.

पुण्यातच, टेकडीवर काही दिसेल का?

भरपूर. वेताळ टेकडीवर, तळजाईवर सरडे, सापसुरळ्या, सिग्नेचर स्पायडर, पावसात बेडूक. पाषाण तलावाजवळ पाणदिवड, फटकन अंगावर येणारा पण बिनविषारी. डोळ्याखालच्या दोन काळ्या तिरप्या रेघांवरून ओळखा.

रिसॉर्टच्या खोलीत किंवा घरात साप शिरला तर?

सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा. एका माणसाने दारातून, लांबून, साप कुठे आहे यावर नजर ठेवावी, नाहीतर नंतर अख्खी खोली उपसावी लागते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा परवानाधारक सर्पमित्राला बोलवा. तोवर फिनेल, रॉकेल काही टाकू नका, काठीने ढोसू नका. आतल्या इतर खोल्यांच्या दाराखालच्या फटी टॉवेल कोंबून बंद करा आणि बाहेरचं दार उघडं ठेवा. पुष्कळदा सर्पमित्र येईपर्यंत साप स्वतःच निघून गेलेला असतो.